टिपेटला पडणारी तीच ती गाठ: स्वतः सोडवावी की क्लास लावावा?

फ्लाय फिशिंग म्हणजे हुकावर बांधलेली नकली माशी (फ्लाय) लाईनच्या वजनानं फेकून मासे पकडणं. त्यात नव्यानं पडलेल्यांची तक्रार साधारण अशी असते. दोन-तीन फॉल्स कास्ट (लाईन हवेतच मागे-पुढे झुलवत केलेल्या फेकी) छान जातात, लूप, म्हणजे लाईनचा वळसा, हवेत व्यवस्थित उलगडतो, आणि शेवटी लाईन सोडायच्या वेळी फ्लाय खाली येऊन लाईनलाच अडकते. जवळ ओढून बघावं तर टिपेटवर, म्हणजे फ्लाय जिला बांधतात त्या टोकाच्या बारीक दोरीवर, बारीक गाठ. ती नखानं सोडवायची नाहीतर कापून टाकायची, परत उभं राहायचं, आणि थोड्या वेळात दुसरी. पुण्यात ज्यानं ज्यानं फ्लाय रॉड घेतलाय त्यानं ही गाठ बघितलेली आहेच. सल्ला देणारेही दोनच प्रकारचे भेटतात. एक "अजून सराव कर, येईल" म्हणणारे, दुसरे "व्हिडिओ बघून कुठं येतंय, क्लास लाव" म्हणणारे.

माझं दोघांशीही पटत नाही. नुसत्या सरावानं ही गाठ जात नाही, उलट पक्की होते, कारण हात तीच चूक घोटत राहतो. आणि क्लासमध्ये गेलेली गाठ आठवड्याभरात मैदानावर परत हजर होते, कारण तिथं शिक्षक "थांबा" म्हणत होता म्हणून हात थांबत होता. काही कामं आपली आपण होतात, काहींना दुसऱ्याचे डोळे लागतात. कुठलं काम कुठल्या खात्यात जातं ते कळलं की पैसेही वाचतात आणि टिपेटही.

गाठ कापण्याआधी नीट बघा

घाईघाईनं कात्री चालवू नका. टिपेट उजेडात धरा. शिवणकामात दोऱ्याच्या टोकाला मारतात ती साधी एकेरी गाठ दिसतेय का? मधे जेमतेम सुईचं टोक जाईल एवढं भोक, आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना टिपेट किंचित वाकडं झालेलं? मग दोष कास्टचा आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

टिपेट स्वतःभोवती पिळून त्याचा गुंता झाला असेल तर तो वेगळा आजार. फ्लाय मोठी आणि टिपेट बारीक, त्यामुळे फ्लाय हवेत गरगर फिरते. टिपेटच्या जाडीसाठी लिहितात त्या 'एक्स'च्या आकड्याचा हिशोब सोपा आहे: ११ मधून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. म्हणजे ५एक्स ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. हुकाच्या नंबराला ३ नं भागलं की जवळपास कुठलं टिपेट चालेल ते कळतं, १२ नंबरच्या हुकाला ४एक्स. मरळीसाठी बांधलेली जाडजूड फ्लाय ५एक्सवर लावली तर पीळ पडणारच, तिथं हाताला दोष देऊन उपयोग नाही.

फ्लायच गायब झाली असेल तर टिपेटचं टोक बघा. टोक कुरळं होऊन आलं असेल तर फ्लायला मारलेली गाठ सरकली आहे. पुढच्या वेळी ती थुंकीनं ओली करून आवळा. टोक स्वच्छ तुटलंय आणि त्याआधी मागे फट् असा आवाज आला होता? मग मागची लाईन पूर्ण उलगडायच्या आधीच तुम्ही पुढे ओढलीत. आणि हुकाचं टोक बोथट झालं असेल किंवा मोडलं असेल तर बॅक कास्ट, म्हणजे मागची फेक, खाली उतरतोय. खडकवासल्याच्या काठावर मागे काळा पाषाण आहे, तो हुकाला दयामाया दाखवत नाही.

एकेरी गाठ पडलेलं टिपेट तसंच वापरू नका. त्या जागी त्याची ताकद जवळपास निम्मी होते. चिलापीवर ते कदाचित खपून जाईल, महाशीर मात्र पहिल्या धावेतच ती जागा शोधून काढतो. (जाता जाता: दख्खनी महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये केलं, तेही आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्याच माशासाठी पुणेकर कुठं कुठं जातात!)

सामानावर संशय घ्यायचा तर पाच मिनिटं घ्या

त्याहून जास्त नको, कारण सामान बदलून ही गाठ क्वचितच जाते आणि खिसा मात्र नक्की हलका होतो. रॉडवर लिहिलेला नंबर आणि लाईनचा नंबर जुळतो का बघा. ५ नंबरच्या लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास असतं, आणि रॉड वाकतो तो या वजनानं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा फूट लाईन बाहेर काढून सराव करणाऱ्यांना म्हणूनच रॉड मेल्यागत वाटतो. मग ते जोर लावतात आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात होते.

लाईन धुतली नसेल तर कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणानं पुसून घ्या. थंड पाण्यासाठी बनवलेली लाईन पुण्याच्या मे महिन्यात मऊ पडते, रॉडवरच्या गाईडमध्ये (कड्यांमध्ये) चिकटते. गरम प्रदेशासाठी बनवलेली लाईन डिसेंबरातल्या सकाळी रिळावरून वेटोळी घेऊनच उतरते. दोघांनी दोन टोकं धरून हलकी ताणली की सरळ होते. डांबरावर, काँक्रीटवर सराव करू नका, लाईनचं आवरण खरवडून निघतं. एवढं झालं की सामानाचा विषय बंद.

वाऱ्यावर खापर फोडायची सवयही सोडा. झाडाचं पान हलत नाही अशा सकाळीसुद्धा ही गाठ पडते.

मग नक्की होतं काय

रॉडचं टोक ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं लाईन जाते. टोक सरळ रेषेत गेलं आणि झटकन थांबलं तर लूप अरुंद होतो, वरचा पदर वर आणि खालचा खाली राहतो. टोक गोलाई घेत वरून खाली आलं तर लूप भलामोठा होतो, लाईन ढेपाळते, पण गाठ पडत नाही. गाठ पडते ती टोक मधेच खाली दबून शेवटी वर आल्यावर. तेव्हा लाईनचा वरचा पदर खालच्या पदराच्या खाली घसरतो, दोन्ही एकमेकांना ओलांडतात, आणि फ्लाय त्यांच्यामधून निघून जाते. याला टेलिंग लूप म्हणतात.

टोक मधेच का दबतं? रॉड अचानक जास्त वाकला म्हणून. आणि तो अचानक का वाकतो, याची मुख्य कारणं तीन.

पहिलं कारण म्हणजे सुरुवातीलाच जोर. हे बहुतेक वेळा शेवटच्या कास्टला होतं. आधीचे फॉल्स कास्ट गोड जातात, मग "आता लांब टाकू" असं मनात येतं आणि हात फटका मारतो. तुमची गाठ नेमकी शेवटच्या कास्टलाच पडत असेल तर पुढची दोन कारणं बाजूला ठेवा. हात धुतल्यावर टॉवेल सापडला नाही की आपण पाणी झटकतो ना, तेव्हा हात सावकाश निघतो, वेग वाढत जातो आणि शेवटी गच्चकन थांबतो. कास्टचा हात तसाच चालला पाहिजे. शहरात बॅडमिंटन खेळणारे पुष्कळ, त्यांचं मनगट फार लवकर सुटतं. क्रिकेटवाल्यांची अडचण उलटी, त्यांचा हात थांबतच नाही, म्हणून त्यांचे लूप मोठे होतात आणि गाठी कमी पडतात. त्यात त्यांनी खूश व्हायचं कारण नाही, लाईन जात नाहीच.

यावरचा उपाय: ३० फूट लाईन बाहेर काढा आणि प्रत्येक कास्टला जोर थोडा थोडा कमी करत जा. एक वेळ अशी येईल की लूप पुढे उलगडायच्या आधीच कोसळेल. त्याच्या वर जरासा जोर वाढवा. तेवढाच लागतो. बहुतेकांना हा आकडा बघून धक्का बसतो, कारण ते दुप्पट लावत असतात.

दुसरं कारण, आणि माझ्या मते खरा चोर, म्हणजे हाताचं सरकणं. मागे रॉड थांबवलात, लाईन मागे उलगडतेय, तेवढ्या वेळात हात नकळत पुढे सरकतो. अगदी वीतभर. पुढच्या कास्टला जेवढी जागा हवी होती त्यातली बरीचशी अशी आधीच खर्च होते. उरलेल्या जागेत तोच जोर कोंबला की रॉड गपकन वाकतो. गंमत अशी की हे करणाऱ्याला शंभर टक्के खात्री असते की आपला हात मागे स्थिर होता. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच जाणवत नाही.

यावर उपाय म्हणजे मागे थांबल्यावर हात उलट किंचित मागे जाऊ देणं. झटका द्यायचा नाही, लाईन जातेय तिच्यामागे रॉड जरा झुकू द्यायचा. पुढे सरकणारा हात मागे जायच्या कामाला लावला की पुढे सरकायला मोकळा राहत नाही.

तिसरं कारण, लाईन वाढली पण हाताची चाल तेवढीच राहिली. व्हिडिओंतून शिकलेल्यांचं हे खास दुखणं आहे. "घड्याळातल्या दहा ते एकमध्ये रॉड फिरवा" हे त्यांनी मंत्रासारखं धरलेलं असतं. २०-२५ फुटांना ते ठीक आहे. ४५ फूट लाईन हवेत असताना रॉड जास्त वाकतो, त्याला जास्त मोठा कंस लागतो आणि मागे जास्त वेळ थांबावं लागतं. घड्याळ तेच ठेवलं की गाठ आली.

हौल (कास्ट करताना दुसऱ्या हातानं लाईन ओढणं) करणाऱ्यांसाठी एक चौथंही आहे: डावा हात लाईन फार लवकर ओढून मोकळा होतो. पण ज्याला ही गाठ सतावतेय त्यानं तूर्त हौल करूच नये, त्यामुळे ते इथंच सोडतो.

एकट्यानं काय करता येतं

बरंच काही. आधी जागा. ३० फूट लाईन, ९ फूट लीडर (लाईनच्या पुढची निमुळती दोरी, तिच्या टोकाला टिपेट), आणि तेवढंच मागे, म्हणजे ८०-९० फूट मोकळं गवत हवं. गच्ची पुरत नाही. शाळा-कॉलेजच्या मैदानावर सकाळी क्रिकेटच्या जाळ्या लागायच्या आत जा. हूक नको, टिपेटला लाल लोकरीचा छोटा तुकडा बांधा, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी. "काका, पतंग कुठंय?" असं कुणीतरी विचारणारच. त्या पोराला उत्तर द्यायला थांबा, कारण तो विचारता विचारता तुमच्या मागेच येऊन उभा राहतो आणि बॅक कास्ट तिथंच जाणार असतो.

पहिला सराव आडवा. रॉड कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर धरा आणि लाईन डावी-उजवीकडे गवताच्या वरून फिरवा. आता दोन्ही बाजूंचे लूप डोळ्यांसमोर आहेत. टेलिंग लूप होताना इथं उघड दिसतो, आणि हाताचं सरकणंही. स्वतः शिकणाऱ्याला याच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही असं मला वाटतं, तरी लोक ती सोडून पहिल्या दिवसापासून लांब टाकायच्या मागे लागतात.

दुसरा सराव म्हणजे बॅक कास्ट तसाच मागे पडू द्यायचा. पुढे ओढायचाच नाही. वळून बघा: लाईन मागे सरळ पडलीय की नागमोडी? नागमोडी पडली असेल तर तुमच्या पुढच्या कास्टचा पहिला भाग ती सैल लाईन गोळा करण्यात जातो आणि रॉड एकदम, उशिरा वाकतो. उजव्या हाताचे असाल तर उजवा पाय मागे ठेवून जरा तिरकं उभं राहा, मान वळवायला सोपं जातं.

तिसरं काम मोबाईलचं. ट्रायपॉड नसेल तर सायकलच्या कॅरिअरला टेकवा. रॉड धरलेल्या हाताच्या बाजूनं, काटकोनात, इतक्या लांब ठेवा की रॉडचं टोक चौकटीबाहेर जाणार नाही. मागे आकाश नको, गर्द झाडं असू देत, म्हणजे पिवळी-केशरी लाईन दिसते. स्लो मोशनमध्ये घ्या आणि दोनच चित्रं शोधा: रॉड मागे थांबला तो क्षण, आणि लाईन मागे सरळ झाली तो क्षण. दोन्हींत हात एकाच जागी आहे का? पुढे आला असेल तर चोर सापडला. लूप कसा दिसतो, मी कसा दिसतो, लांबी किती गेली, हे त्या दिवशी बघूच नका.

रोल कास्ट (लाईन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडणं) मात्र सुक्या गवतावर जमत नाही म्हणून निराश होऊ नका. त्याला पाण्याची पकड लागते. लीडरचं टोक क्लिपबोर्डच्या चिमट्यात अडकवून तो गवतावर ठेवला की काम भागतं. पाण्यावरच जायचं असेल तर आधी चौकशी करा. आपल्याकडच्या धरणांमध्ये मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आणि काही काठ प्रतिबंधित असतात.

क्लास कधी, आणि कशासाठी

स्वतः शिकणं म्हणजे दुय्यम मार्ग, असं मी मानत नाही. अमेरिकेतला नावाजलेला कास्टिंग शिक्षक लेफ्टी क्रेह याला १९४७ मध्ये जो ब्रुक्स या फ्लाय फिशिंगवर लिहिणाऱ्यानं फ्लाय रॉड हातात दिला आणि त्या काळची घड्याळाची पद्धत दाखवली. क्रेहनं पुढे ती सोडून स्वतःची, जास्त मोठ्या चालीची पद्धत बसवली आणि आयुष्यभर जगाला शिकवली. पण यात सोयीस्करपणे विसरलं जातं ते हे, की सुरुवातीला दाखवणारा कुणीतरी होता.

माझा हिशोब असा आहे. ३५-४० फुटांपर्यंत सरळ कास्ट, फ्लाय-टिपेटच्या सगळ्या गाठी मारणं, रोल कास्ट, सामानाची निगा, एवढं आपलं आपण होतं. वरची तीनही कामं मन लावून केली, व्हिडिओत कारण दिसलं आणि ते गेलं, तर क्लासचे पैसे फ्लाय बांधायच्या सामानात घाला. कारण दिसतंय पण जात नाही, किंवा व्हिडिओत हात स्थिर आहे, जोरही बेताचा आहे आणि तरी गाठ पडतेय, तर पुढे एकट्यानं झुंजू नका. पदर ओलांडतानाचं चित्र सगळ्या कारणांत सारखंच दिसतं. कारण वेगळं करायला सराव झालेला डोळा लागतो, आणि त्याला त्यासाठी फार वेळ लागत नाही. अशा वेळी एक तास पुरतो. आठ दिवसांचं पॅकेज घ्यायची गरज नाही.

जाताना "मला कास्टिंग शिकवा" असं म्हणू नका. मोबाईलमधला व्हिडिओ दाखवा आणि म्हणा, "शेवटच्या कास्टला गाठ पडते, हात सरकत नाहीये, पुढे काय बघू?" याचं उत्तर म्हणून कुणी पहिल्यापासून सगळं सुरू केलं तर तुमचा तास गेला.

मासेमारीच्या सहलीवरचा गाईड आणि कास्टिंगचा शिक्षक यांत गल्लत करू नका. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात किंवा उत्तराखंडातल्या रामगंगेवर गाईड तुम्हाला माशापर्यंत नेतो, तेच त्याचं काम. तुमची गाठ बघून तो टिपेट बदलून देईल आणि जवळून टाकायला सांगेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल. त्या महागड्या दिवशी हात सुधारत बसू नका. हिमाचलात ट्राउटचं पाणी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतं, आणि पुण्यात मैदानावर उभं राहायला याहून चांगले महिने नाहीत. हात तेव्हाच सरळ करून घ्या.

क्लासनंतर गाठ परत आली तर

येतेच, घाबरू नका. क्लासमध्ये लाईनची लांबी ठरलेली होती, समोर मासा नव्हता, शेजारी टोकणारा होता. घरी तिन्ही बदललं.

लाईनवर ३० फुटांना पर्मनंट मार्करनं काळी खूण करा. गाठ पडली की त्या खुणेपर्यंत लाईन परत रिळावर घ्या, तिथं कास्ट स्वच्छ झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. क्लासच्या शेवटच्या पाच मिनिटांचा व्हिडिओ, त्याच कोनातून घेतलेला, शिक्षकाकडे मागा. पुढच्या महिन्यात स्वतःची तुलना इंटरनेटवरच्या उस्तादाशी करण्यापेक्षा त्या दिवशीच्या स्वतःशी करा. आणि शिक्षकानं दहा गोष्टी सांगितल्या असतील तर त्यातली कुठली एक धरायची ते त्यालाच विचारा. दहा गोष्टी डोक्यात ठेवून कुणाचाही हात चालत नाही.

डबल हौल (मागच्या आणि पुढच्या दोन्ही कास्टला हौल) या टप्प्यावर कुणी शिकवायला निघालं तर नम्रपणे नको म्हणा. हौलनं लाईनचा वेग वाढतो, त्यामुळे काही दिवस गाठ लपते, आणि परत येते तेव्हा कारण शोधायला डावा हातही तपासावा लागतो.

शिक्षक कसा निवडायचा, याची एक सोपी परीक्षा आहे. फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेनं १९९२ मध्ये कास्टिंग शिकवणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र सुरू केलं. त्यांच्या परीक्षेत उमेदवाराला चांगले लूप काढावे लागतातच, शिवाय टेलिंग लूपही मुद्दाम काढून तो कशानं झाला हे समजावून द्यावं लागतं. समोरच्याकडे प्रमाणपत्र असो-नसो, पैसे द्यायच्या आधी हेच विचारा: "तुम्ही मला ही गाठ पाडून दाखवाल का?" जो हसून रॉड उचलतो, एकदा जोर लावून आणि एकदा हात सरकवून दोन वेगळ्या पद्धतींनी लूप बिघडवून दाखवतो, त्याच्याकडे जा. "छे, माझी कधी पडतच नाही" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी या.